सोबत जोडलेलं पत्र

गाढव नाक्यावर, झेरॉक्सच्या दोन यंत्रांमध्ये
माझं टेबल. पानामागे तीस रुपये.
भाडेकरार, नावात बदल, सोसायटीच्या तक्रारी,
आणि जून-जुलैत नोकरीचे अर्ज, ढिगाने.
सगळ्यांना तेच हवं असतं:
मी कष्टाळू आहे, प्रामाणिक आहे,
संधी दिल्यास तिचं सोनं करीन.
ते मी एका फाइलीत करूनच ठेवलंय.
नाव बदलायचं, तारीख बदलायची, छापायचं.
सतरा वर्षांत कुणी परत येऊन सांगितलं नाही
त्या सोन्याचं पुढे काय झालं.

कुंदा घाडीगावकर मंगळवारी दुपारी आल्या.
लाइट नुकती आलेली, पंखा अजून वेग धरत होता.
मुलुंडच्या नव्या इस्पितळात
लशींच्या कोठीवर माणूस हवंय.
जाहिरातीचं कात्रण पिशवीत,
पिशवी पर्सच्या आतल्या कप्प्यात.
मी फाइल उघडली.
पडद्याकडे बघून म्हणाल्या,
"हेच माझ्या भाच्यानं दिलं होतं.
तो सध्या काय करतो ते विचारू नका."

मी हात मागे घेतले.
"एखादा दिवस सांगा."
"कसला दिवस?"
"कामावरचा. कुठलाही."

बराच वेळ त्या स्टेपलर उघडमीट करत राहिल्या.
मग म्हणाल्या, शनिवार होता.
दवाखान्याचा फ्रिज संध्याकाळी बंद पडला,
मेकॅनिक नालासोपाऱ्याला, डॉक्टर कराडला लग्नात,
आणि रविवारी सकाळी पोरांची रांग लागणार.
मासळीबाजारात गेले. दुकानं आवरत होती.
लताक्कानं बर्फ दिला, डबाही दिला, पैसे घेतले नाहीत.

"बर्फ मिळाला हो, बर्फाचं काय एवढं.
पण लस बर्फाला टेकू द्यायची नाही.
गोठली की गेली.
आणि दिसायला तशीच दिसते."

मधे पुठ्ठा, पुठ्ठ्यावर पेपर, मग बाटल्या.
त्यांच्यात थर्मामीटर.
दर अर्ध्या तासाला आकडा लिहीत
रात्रभर स्टुलावर.
"सकाळी दवाखानाभर बांगड्याचा वास.
पोरं सुईला रडली की वासाला, देव जाणे."

आता हे इंग्रजीत घालायचं.
फ्रिज आला, बर्फ आला, आकडे आले.
'टेकू दिली नाही' याच्यापाशी मी अडकलो.
शिवू दिली नाही, लागू दिली नाही,
सगळं जरा जास्त होत होतं किंवा जरा कमी.
शेवटी पुठ्ठाच लिहिला.
पुठ्ठ्याला इंग्रजी शब्द आहे.

"मधली सहा वर्षं?"
"सासरे. अर्धांगवायू. ते नको लिहू."
"मोकळी जागा मोठी दिसते, ताई."
एक ओळ घातली. एकच.
त्यांनी ती दोनदा वाचली आणि पर्सची चेन ओढली.

साठ रुपये देऊन गेल्या. दोन पानं, दोन प्रती नाहीत.
मी चहा सांगितला.
चहा यायच्या आत त्या परत दारात,
रिक्षा उभी ठेवून.
"तुम्ही सव्वाशे डोस लिहिलेत."
"तेवढेच असतील ना?"
"एकशे अठरा."
"कोण मोजणार आहे?"
"मी मोजले होते."

बदललं. पुन्हा छापलं.
पैसे नको म्हटलं तर तीस रुपये
स्टेपलरखाली ठेवून गेल्या.

नोकरी लागली का, माहीत नाही.
फाइल आहे अजून: घाडीगावकर, अंतिम, तीन.
परवा एक पोरगा आला, नवा शर्ट, घडीची रेघ तशीच.
म्हणाला, काका, लिहा, मी प्रामाणिक आहे.
मी विचारलं, कशावरून?
तो चिडला नाही.
स्टूल ओढून बसला.