तळहाताएवढं

आधी तळहाताएवढं करून दाखवायचं,
हा माझ्या धंद्याचा रिवाज.
बॉनेटच्या कोपऱ्यात चार पट्ट्या चिकटवून चौकोन केला,
बोटभर कंपाउंड, वर सुती फडकं,
घासलं तर फडकं पांढरं, खडू पुसल्यासारखं.
निर्मलाबाई दचकल्या.
'रंगच निघून राह्यला ना भाऊ!'
म्हटलं, मेला तो निघून राह्यला. जिता खाली हाय.

सहा वर्षं उभी होती
पाटणबोरीच्या रस्त्याला, कडुनिंबाखाली,
मडावी सरांची मारुती.
वरून डिंक, निंबोळ्या, साळुंक्यांचा प्रसाद,
शेजारच्या जिनिंगमधून उडत आलेला कापूस,
आणि आमच्या बोअरचं पाणी,
जे पोरांच्या दातांना सोडत नाही
ते टपाला काय सोडणार.
पांढरी म्हणवत नव्हती,
नासल्या ताकाचा रंग.
'उद्या आदिलाबादचं गिऱ्हाईक येते,
चमकवून देजो,' एवढंच बोलल्या बाई
आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

दोनदा शाम्पू.
मग मातीची वडी हातात मळून मऊ केली,
पाणी शिंपडत सरकवत नेली टपावरून.
खरखर. खरखर.
मग आवाज बंद होतो,
वडी अशी घसरते, जणू खाली काही नाहीच.
ते डोळ्याला दिसत नाही. हाताला कळतं.

दारावरचं नाव केव्हाचं खरवडलेलं,
पण अक्षरांखाली ऊन पोचलं नव्हतं कधी.
मळ गेला तशी ती वर आली, पांढऱ्यात पांढरी:
मडावी मोटार ड्रायव्हिंग स्कूल.
खाली पाच आकडी फोन.
मशीन धरली, फोमचं चाक फिरू लागलं,
मडावी गेलं, मोटार गेली,
शेवटचा सात मात्र बराच वेळ हलेना.

साडेअकराला लाईन गेली.

मग हातानंच, डाव्या अंगाला.
डावं अंग म्हणजे शिकणाऱ्यांची हजेरी.
हा बाभळीचा, तलाठ्याच्या पोराचा.
हा लांबडा, स्टँडच्या कठड्याचा, आत्राम सिस्टरचा,
ज्या आता एकट्या नागपूर करून येतात.
सर कधी कुणावर खेकसले नाहीत.
म्हणायचे, 'पांढरीच गाडी काऊन घेतली मी?
लागलं का दिसते.
दिसलं का मानूस शिकते.'

आणि मागच्या चाकावरचा, वीतभर, तो माझा.
बैलबाजाराचा दिवस.
ब्रेक समजून भलतंच दाबलं
आणि गाडी लोखंडी फाटकाला घासून थांबली.
सर चहा प्यायला उतरले होते.
परत आले तेव्हा मी म्हणालो, बैलाचं शिंग लागलं.
त्यांनी वाकून बोट फिरवलं,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
'शिंग लय सरळ होतं बापा.'
आणि दार उघडून बाजूला बसले.
'चाल, पहिला टाक.'

बाकीचे सगळे ओरखडे घालवले मी.
आत्राम सिस्टरचासुद्धा.
दोन हजारचा कागद पाण्यात भिजवून,
हलक्या हातानं, मग कंपाउंड, मग पॉलिश, मग मेण.
दोन वाजता लाईन आली,
चारला बॉनेटमध्ये अख्खी यवतमाळ गाडी
लाल होऊन गेली,
मागून आंबाडीचा भारा घेऊन एक सायकल,
आणि कडुनिंब, उलटा, पानापानासकट.
बाई खुर्चीवरून उठल्या.
गाडीला एक चक्कर मारली, हळू, हात न लावता.

'हे राह्यलं इथचं.'
म्हटलं, ते नाही जात बाई. पत्र्याला लागलेलं हाय.
नख अडकलं का पॉलिशचा इलाज नसते.
हे खरं आहे. आमच्या धंद्यात कुणालाही विचारा.
फक्त
नख मी लावून पाहिलं नव्हतं.

बाई वाकल्या.
बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
'हे शिंगाचं ना?'

मी फडकं पिळायला घेतलं.
ते कोरडंच होतं.