बत्तीस पिसांचा हिशेब

मुकुट खाली काढला तेव्हा
तुळईवरच्या धुळीत
त्याचा अर्धगोल तेवढा स्वच्छ राहिला.
वडील म्हणाले, मोज.
बत्तीस भरली.
वरून निळी, उलटली की पिवळी,
एकेक पीस माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत.

मकावच्या शेपटीत
एवढी लांब पिसं दोनच असतात.
बाकीचा पक्षी म्हणजे
त्या दोन पिसांना लोंबणारं ओझं,
असं आमच्याकडे कुणी बोलून दाखवलं नाही.
ओझं गवतात टाकायचं
आणि पुढच्या ताडाकडे निघायचं, एवढंच.

सोळा, मी म्हणाले.
मी शाळेत गणित शिकवते;
मला वाटलं, उत्तर आलं, संपलं.
पण ते पिसापिसाला बोट लावत गेले,
जपमाळेचे मणी ओढावेत तसे:
ही दोन मामोरेच्या जुन्या वळणावरची,
पूर ओसरला त्या वर्षीची.
ही नोझांच्या कुरणातली. ताड वठलेला,
ढोलीत एक अंडं होतं, ते आम्ही उकडून खाल्लं.
ही विकत घेतली, अर्धं पोतं साखर देऊन.
आणि ही…
बोट तिथेच राहिलं.

याची मादी तीन दिवस
आपल्या छपरावर घिरट्या घालत होती.
तुझी आई म्हणाली, तिलाही मारा,
निदान गप्प तरी होईल.
चौथ्या दिवशी ती आपणहून गप्प झाली.
तू पोटात होतीस तेव्हा.

तो आवाज मला आठवणं शक्य नाही.
त्या रात्री मात्र
छपरावर काही सरपटलं तरी मी उठून बसत होते.

गावाच्या सभेत फेलिसियानो गुआजी उभा राहिला:
नाच संतासाठी असतो,
संत कागदाची पिसं ओळखणार नाही.
मागच्या बाकावरून निकोलासा मोये म्हणाली,
संत स्वतः लाकडाचा आहे, फेलिसियानो.
गेल्या वर्षी तूच त्याला रंग दिलास.
नाचताना हातातला कोयता लाकडाचा चालतो,
मग पिसालाच जीव कशाला हवा?
लोक हसले. फेलिसियानो हसला नाही.
पण मुलाला त्याने माझ्याकडे पाठवलं, कात्री देऊन.

सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांचा कागद,
मधोमध ताडाच्या पात्याची शीर,
वरून निळा, उलटून पिवळा,
कडेला ब्लेडने बारीक चिरा.
एका पिसाला दोन तास.
मकावला किती लागतात, एका मुलीने विचारलं.
मला माहीत नव्हतं.
तिने तो प्रश्न वहीत लिहून ठेवला,
उत्तराला जागा सोडून.

जुलैत दलाल आला, डोंगरावरच्या शहरातून,
दरवर्षीसारखा, कोऱ्या नोटा घेऊन.
कागदाकडे पाहून त्याने जिभेने टक् केलं
आणि तुळईकडे बोट दाखवलं:
त्या जुन्याचं काय घेणार?
त्याने सांगितलेल्या आकड्यात
एक मोटरसायकल आली असती.
वडिलांनी त्याला पाणी दिलं.
दुसरं काही दिलं नाही.

सणाच्या दिवशी ते भिंतीला टेकून बसले,
गुडघ्यांवर घोंगडी, डोळे मिटलेले.
ढोल सुरू झाला, पायांतल्या बियांचे घोस खळखळले,
बारा जण एकदम वळले.
खरी पिसं वळताना
झोपलेल्या माणसासारखा श्वास सोडतात.
कागद खडखडतो.

खोटं वाजतंय, ते म्हणाले.
मी काही बोलले नाही.
पुढच्या फेरीला ते पुन्हा म्हणाले,
खोटं वाजतंय.
मग बऱ्याच वेळाने:
वाजू दे.

तेवढ्यात चर्चवरून दोन मकाव गेले,
नेहमीसारखे भांडत, कर्कश,
पंखाला पंख लावून.
अख्ख्या चौकाने माना वर केल्या,
नाचणाऱ्यांचा ठेकाही चुकला.
वडिलांनी डोळे उघडले,
आणि पायांकडे पाहत राहिले.
बघा ना, मी म्हणाले, दोन आहेत.

नको, ते म्हणाले.
मी पाहिलं की
चार मोजतो.