कमी वाढलं

वूच शहरात, जुन्या सूतगिरणीच्या तळघरात
कागद म्हातारा करायची नोकरी करतो आम्ही.

पाइनच्या लगद्याचा तपकिरी कागद,
तांब्याच्या पट्टीला गुंडाळून, तेलात बुडवून,
काचेच्या नळीत कोंडायचा
आणि भट्टीत ठेवायचा, एकशे पन्नास अंशांवर.
ट्रान्सफॉर्मरच्या पोटात जे चाळीस वर्षांत होईल
ते इथे नाताळच्या आत व्हायला हवं.

दर सहा अंशांना आयुष्य अर्धं,
हा पाढा बोगुमिलाबाईंना तोंडपाठ.
सदतीस वर्षं याच भट्ट्यांपाशी;
चष्म्याच्या दोरीलासुद्धा तेलाचा वास.
"घाईनं पिकवलेलं आणि सावकाश पिकलेलं
सारखंच असतं, असं आपण धरून चालतो,"
त्या एकदा म्हणाल्या. "चालतो, एवढंच."

एका मंगळवाराआड एक नळी फोडायची.
कागद धुवायचा, पिंजायचा,
गर्द निळ्या द्रावणात विरघळवायचा
आणि केसाएवढ्या भोकातून खाली सोडायचा.
हातात स्टॉपवॉच.
नवा कागद रेंगाळतो. लांब साखळ्या त्याच्या,
एकमेकींत अडकत उतरतात: एकशे बारा सेकंद.
जुना सुसाट. चव्वेचाळीस.
मला आधी हे उलटंच वाटायचं.
"माझी आई वर तिसऱ्या मजल्यावर मागावर होती," बाई म्हणाल्या,
"शेवटी शेवटी फार भरभर बोलायची.
कशालाच अडखळायची नाही."

आकडा दोनशेखाली गेला
की वहीत लिहायचं: आयुष्य संपलं.
तरी कागद दिसतो शाबूत,
वीजही अडवतो इमानानं.
फक्त धक्का सोसत नाही.

नोव्हेंबरात एका रात्री अख्खा भाग अंधारात गेला.
चौकापलीकडचा ट्रान्सफॉर्मर बसला होता,
आमच्या कुठल्याच नळीत नसलेला.
जनरेटर खोकला आणि गप्प झाला.
सकाळी तीन नंबरची भट्टी हाताला कोमट.

येरेमीसाहेब म्हणाले, बोभाटा नको,
शेवटी सात तास वाढवून टाकू.
बाईंनी टोपण काढलं, वहीत लिहिलं:
"रात्री ११.४० ते सकाळी ६.४०. भट्टी बंद.
या काळात वय वाढलं नाही."
बराच वेळ पाहत राहिल्या त्या ओळीकडे.
मग "वाढलं नाही" खोडलं
आणि वर बारीक अक्षरात: "कमी वाढलं."

"तू काय केलंस रात्री?"
झोपलो, मी म्हणालो.
"मी बहिणीशी पत्ते खेळले, मेणबत्ती लावून.
हरले. चारदा."

पुढच्या खेपेला नळी क्रमांक चौदा:
अठ्ठावन्न सेकंद. अंदाजापेक्षा चार जास्त.
मोजण्यातली चूक असेल, मी म्हणालो.
"असेल," बाई म्हणाल्या,
आणि स्टॉपवॉच पुन्हा शून्यावर आणलं.