हातमोजे

घणसोलीच्या पदाजीशेठनं गाडी पाठवली होती.
कळव्याचा पूल, विटावा, दिघा,
आणि मांडीवर माझी रंगांची पेटी.

बंगल्याच्या तिसऱ्या मजल्यावर
मंडपवाल्याकडून आणलेलं सिंहासन,
लाल मखमल, एका पायाखाली घडी घातलेला पुठ्ठा.
"बसा," शेठ मला म्हणाले, आणि स्वतः उभेच.
त्यांना त्यावर बसायची लाज वाटत होती
हे मी सगळ्यात आधी टिपलं.

पोरानं मोबाइलवर चित्र दाखवलं:
चार-पाचशे वर्षांपूर्वीचा कुठलासा राजा,
खांद्यावर केसाळ कातडं, गळ्यात साखळी,
एक हात मोज्यात, दुसरा मोजा मुठीत.
"असं," शेठ म्हणाले. "पण आपले दोन्ही मोज्यात."

त्या राजाच्या चिताऱ्याला मी ओळखतो.
नाव नाही ठाऊक.
पण न्हावी, शिंपी, बाजेवाला
यांच्या रांगेत दाराशी उभा राहायचा तो,
वर्षाला दोन जोड कपडे आणि मेणबत्त्या मिळायच्या.
हनुवटीखालची लोंबती कातडी
दाढीत कशी बुडवायची ते जमायचं त्याला,
म्हणून मान शाबूत.
मीही ठाण्यात चाळीस वर्षं
मेलेल्या माणसांना पासपोर्ट फोटोवरून टाय घातलेत.

आठवडाभरात तोंड झालं. मग हात.
"एकदा बघू द्या शेठ,
मोज्याच्या आत बोटं कुठं वळतात ते कळायला हवं."
त्यांनी टॉवेलखालून हात काढले,
दुकानदार तुटका माल काढतो तसे.
दोन नखं नव्हतीच.
भेगा बुजल्या होत्या, रेघा पांढऱ्या राहिलेल्या,
वाफ्यातलं पाणी आटलं की कडेला उरतं तशा.
"नऊ वर्षांचा व्हतो मिठागरात गेलो तवा.
फावडा माज्यापेक्षा उंच.
आता तिथं सेक्टर हाय."
मग एसीचा रिमोट शोधू लागले.

तीन दिवस मी नुसते हात रंगवले.
कुणी सांगितलं नव्हतं.
गेरू, काजळी, नखांच्या जागी थोडा निळा.
बारकीबाई चहा घेऊन आल्या आणि थांबल्या,
ट्रे हातात तसाच.
"यो त आमचाच हाय," म्हणाल्या.
तोंडाकडे त्यांनी पाहिलंही नव्हतं.

चौथ्या दिवशी मोजे चढवले.
करडं हरणाचं कातडं, शिवणीसकट.
तेलरंग म्हातारा झाला की विरळ होतो,
खाली झाकलेलं वर येतं.
त्या जुन्या चित्रांत
शे-दोनशे वर्षांनी एखाद्या सरदाराला
तिसरा पाय फुटलेला दिसतो.
मी टर्पेंटाइन जरा सढळ हातानं घातलं,
इतकंच म्हणतो.

पैसे रोख मिळाले. दोनदा मोजले.

परवा, दोन वर्षांनी, फोन आला.
शेठ हळू बोलत होते, शेजारी कुणी असावं.
"मास्तर, मोज्यातनं बोटं दिसाय लागलीत."
खाडीची हवा, शेठ, मी म्हणालो,
येतो, एक हात मारून देतो.
पलीकडून बराच वेळ नुसता टीव्ही ऐकू आला.
"नको," म्हणाले. "ऱ्हाऊ दे."
आणि मग, ठेवता ठेवता:
"ती खुर्ची न्यायला अजून कोन आला नाय.
मंडपवाल्याचा नंबर हाय का तुमच्याकं?"