आतलं माप

किफ्लोमने खोका काउंटरवर ठेवला
तेव्हा त्याच्यावर अजून गोथेनबर्गचे शिक्के होते,
आत दोन टायर, इतके कोरे
की दुकानभर रबराचा वास सुटला
आणि माझा हाताखालचा पोरगा, जो तीन वर्षं
फाटक्या टायरला आतून शर्टाच्या बाहीचं ठिगळ लावतोय,
हात पुसून जवळ आला.

बत्तीसचे आहेत, लेतेब्रहान! काकांनी पाठवलेत.
नुकती फुटलेली मिशी दाखवावी
तसा त्याने तो आकडा दाखवला.

मी त्याच्या बापाची सायकल उलटी टेकवली.
अस्मारात हिची ओळख करून द्यावी लागत नाही.
रविवारी ताडांच्या रस्त्यावर लोक कपातली कॉफी
तशीच ठेवून उठायचे, ही वळणावर दिसली की.
जुना टायर काढला. व्हर्निअर लावलं.
बाहेरून नाही. बाहेरून सगळेच मोजतात,
या काठापासून त्या काठापर्यंत, आणि खूश होतात.
रिमच्या दोन भिंती टायरची कड जिथे धरतात
त्या आतलं माप घ्यायचं.
तेरा.

तेरावर तेवीस बसतो. पंचवीसही, कुरकुर न करता.
बत्तीस?
बसतो. पण हा शब्द जपून वापर, पोरा.
आवाजही बसतो. धक्काही बसतो.

त्याला पटलं नाही. का पटावं?
अंथरूण पाहून पाय पसरायचे खरे,
पण इथे पायच आधी आले होते,
समुद्रापलीकडून, पैसे भरून.
मग मी चढवला. हवा भरली.
वर गोल गरगरीत, खाली मान आवळलेली,
टायर बल्बसारखा दिसायला लागला.
मस्त दिसतोय की, तो म्हणाला.
मी म्हटलं, मेदेबेरपर्यंत जाऊन ये. उताराला लागू नकोस.

सरळ रस्त्यावर राजा होता.
कोपऱ्यावर त्याने सायकल कलवली,
रिम वळली, टायर मागे रेंगाळला,
आणि मग झोपेत माणूस बदलतो तशी
त्याने एकदम कूस बदलली.
किफ्लोम परत आला तो चालत. पडला नव्हता.
काही बोलला नाही. मीही नाही.

(उलटंही असतं. माझ्या दिराने रुंद रिमवर
बारीक टायर ताणला होता, हलका म्हणून.
पलंग मोठा, चादर आखूड; दोन्ही काठ उघडे.
नेफासितच्या धुक्यात पहिला दगड थेट रिमला भेटला.
अजून त्याला उजव्या हाताने दार उघडता येत नाही.)

संध्याकाळी अबो हाब्तेआब पावाच्या टोपल्या उतरवून आले.
त्यांच्या सायकलीची रिम मला पाठ आहे:
घेर तोच, पण आतून एकोणीस,
आणि टायर असा, की नळीचा रंग बाहेरून दिसतो.
मी खोक्याकडे पाहिलं. किफ्लोमने माझ्याकडे.
अबोंनी टोपी मागे सरकवली आणि म्हणाले,
घरी खिळ्याला दोन टांगलेत, पंचवीसचे.
मी पण एकेकाळी बारीक होतो.

दुसऱ्या दिवशी आणले. एक ठणठणीत.
दुसऱ्याची कूस वाळून भेगाळलेली,
नखाने पापुद्रा निघत होता.
मग चांगला पुढे लावला, पुढचं चाक चुकवत नसतं म्हणून,
आणि मागे बापाचाच जुना, बाहीच्या ठिगळासकट.
बत्तीसची जोडी पावांच्या भाराखाली
अशी निवांत पसरली, जणू तिचं गावच हे.

रात्री काकांचा फोन आला. दुकानातच होता किफ्लोम.
पलीकडून ओरडून विचारत होते, लाइन खराब होती:
बसले का रे टायर?

त्याने रस्त्याकडे पाहिलं.
अबो रिकाम्या टोपल्या घेऊन वळण घेत होते,
हळू, एका हाताने, दुसऱ्याने टोपी धरून.

बसले, तो म्हणाला. चांगले बसले.