न्यू गोदा ब्रास बँड

नावात 'न्यू' होतं, पण जुना बँड कधीच नव्हता.
पेंटर म्हणाला, पाटीवर जागा उरलीय, काय टाकू?
फिलेमोन म्हणाला, टाक न्यू.

फिलेमोन साळवे, शरणपूरचा, ट्रम्पेट.
नाताळात चर्चमध्ये वाजवायचा,
उरलेलं वर्ष प्रेसमध्ये नोटांचे गठ्ठे मोजायचा.
मुख्तार अत्तारची क्लॅरिनेट देवळाली कॅम्पातल्या लिलावातली,
पेटीत कुणा साहेबाचा एक हातमोजा निघाला होता, डावा.
गर्गे पंचवटीतला, भटजींचा पोरगा,
सॅक्सोफोन बाहेर, जानवं आत,
घरी सांगायचा, संस्कृतच्या शिकवणीला जातो.
युफोनियमचा पोचा तांबट आळीत हंड्यासारखा ठोकून काढलेला,
तेव्हापासून त्याचा पंचमही हंड्यातून यायचा.

आणि साइड ड्रमवर धोंडीराम गांगुर्डे.
त्याच्या बापानं हलगी खुंटीला टांगली ती कायमची:
या घरातलं कुणी पुन्हा दुसऱ्याच्या दारात वाजवणार नाही.
धोंडीराम म्हणायचा, आबा, हे दारात वाजवणं नव्हे,
ॲडव्हान्स घेऊन, पावती फाडून वाजवणं आहे.
आबा बोलायचे नाहीत.

मी खुळखुळा. वय पंधरा.

जुन्या नाशकात एक लग्न.
सरबताचे आठ पेले आले, स्टीलचे, चकचकीत.
नववा, कान तुटलेला कप,
ड्रमसमोर जमिनीवर.

भाषण कुणालाच येत नव्हतं.
मुख्तारनं रीड काढून खिशात घातली.
गर्गेनं सॅक्स भिंतीला टेकवला.
फिलेमोन ट्रम्पेट उलटं करून थुंकी झटकत राहिला
इतका वेळ, इतका सावकाश,
की नवरदेवाचा घोडा कंटाळून मुतला.
मग म्हणाला, ओठ सुकलेत सगळ्यांचे.
आज आमच्याकडे फक्त ड्रम आहे. घ्यायचा तर घ्या.

मुहूर्त तासावर. दुसरा बँड आणणार कुठून?

रविवार कारंज्यापासून एकटा धोंडीराम,
मागे आम्ही आठजण, वाद्यं काखेत,
नुसत्या पायांनी ठेका धरून.
आधी वरात हसली.
धुमाळ पॉइंटला हसणं थांबलं.
दुकानदार शटर अर्धं ओढून तसेच उभे.
विलायती काठ्यांनी तो हलगीची चाल वाजवत होता,
बापाची, खुंटीवरची,
आणि नवरदेवाचा मामा, ज्यानं पेले मोजले होते,
तोच आधी नाचला. साला नाचला पण छान.

आठवड्यात अकरा ऑर्डरी. सिन्नर, निफाड, मनमाड.
सगळे विचारायचे, तो ड्रमवाला येणार ना?
लाल कोट शिवले, सगळे एकाच मापाचे,
म्हणून कुणालाच बसेनात.
पैशांवरून भांडलो. मुख्तार-फिलेमोन सहा महिने अबोला,
तरी सम एकत्रच गाठायचे.
गर्गेच्या बापानं त्याच्या नावानं अंघोळ केली
आणि संध्याकाळी वरात गेली तेव्हा
खिडकीची एक फळी उघडी होती.

धोंडीरामच्या आबांनी एकदाच विचारलं,
जेवताना, ताटाकडे बघत:
ती माझी चाल वाजवलीस, त्याचे किती घेतलेस?
सव्वाशे.
आबांनी भाकरी मोडली.
म्हणाले, कमी घेतलेस.