खात्याला जोडलेला नंबर

मायच्या खात्याला नंबर माझा.
म्हणून दोन हजार जमा होतात तिकडे घनसावंगीत
आणि फोन थरथरतो इकडे,
भांडुपच्या गेटवर, रात्रपाळीत.

मग मेसेजांतूनच कळायची ती.
पाचशे काढले: शेळीचं औषध असणार.
तीनशे: चष्म्याची काडी.
एकदा नुसते शंभर. शंभर कशाचे?
विचारलं तर म्हणाली,
"भजी खाल्ली बाजारात. बसून."

आधी तिचा फोन म्हणजे, पाठवशील का रे.
हल्ली तीच विचारते, तुला काही लागतं का,
आणि मला थोडा रागच येतो.

परवा तिने स्वतःचं सिमकार्ड घेतलं,
बँकेत जाऊन नंबर बदलून आली.

आत येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहितोय मी.
फोन गप्प.
आज तिकडे बाजार.
काय खाल्लं असेल तिने,
बसून?